गुरुवारचा आयतवार

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसलेय. कारण तुमची नात. घाटकोपरच्या ऑफिसातून येताना एक जाडजूड वही घेऊन आली. प्लॅनर म्हणतात त्याला, वही म्हटलं की तिला राग येतो. रोजच्या पानावर पाण्याचे ग्लास छापलेत, प्यायलात की रंगवायचे. आज तुम्ही कशाबद्दल आभारी आहात, त्याला वेगळा चौकोन. वर चिकटवायला ढग, फुलं, मांजरं. बया आठवडा आखायला बसली की अख्खी संध्याकाळ आखण्यातच जाते. मी म्हटलं, "तहान लागली की माणूस पाणी पितं गं, त्याला चित्र कशाला?" तर मला म्हणते, "आई, तू तुझ्या वहीत बघ आधी. दहावीच्या वर्गात नाव घालणे, हे किती वेळा पुढे ढकललंस?" दोनदा ढकललंय. म्हणून तुमची आठवण आली. प्रेमाने नाही आली, आधीच सांगून ठेवते.

आठवडा आखायची माझी पद्धत तुमचीच, दुसरं कोण शिकवणार होतं मला? साधी शाळकरी वही, समोरासमोरची दोन पानं म्हणजे एक आठवडा, रेघा मारून सात घरं. न हलणारी कामं आधी पेनाने लिहायची, बाकीची पेन्सिलने. एका दिवसाला एकच जड काम. आणि वर तुमचा तो नियम. खाटेवर मांडी घालून, पेन कानावर ठेवून, जज्ज निकाल देतो तसं सांगायचात, "दोनदा फुडे ढकललला काम तिसऱ्या खेपेक एकतर करूचा, नायतर खोडूचा. लोंबकळत ठेवूचा नाय." भांडुपच्या त्या चाळीत तुमचं कोण कौतुक! वही लिहिणारा माणूस, शिस्तीचा माणूस. कसली डोंबलाची शिस्त? पाणी भरायची आई, रेशनच्या रांगेत मी, दळण आणायला मी. तुम्ही नुसतं लिहायचात. आणि राग याचा येतो की पद्धत चालते. माझं पोळीभाजीचं दुकान त्याच सात घरांवर उभं आहे. मसाला भाजायचा तो मंगळवारीच, गॅसवाल्याला फोन करायचा तो शुक्रवारीच. पोरीच्या मांजरांना नाही जमत ते.

पण तुमच्या वहीत आठवडा सुरूच मुळी शुक्रवारी व्हायचा. कंपनीला सुट्टी गुरुवारी, म्हणून आपल्या घरात गुरुवारालाच आयतवार म्हणायचे. शेवटच्या घरात लाल पेनाने रविवारचा मोठा 'र'. कॅलेंडर काहीही म्हणो. अख्खी चाळ दत्ताचा वार म्हणून उपास धरून बसलेली आणि आपल्या दारातून मटणाचा वास. एकदा वरच्या मजल्यावरची मावशी नाकाला पदर लावून खाली आली. "अहो, आज गुरुवार ना? थोडी तरी लाज बाळगा, देवाचा वार आहे!" तुम्ही नळी चोखत म्हणालात, "तुमचो गुरुवार, आमचो आयतवार." देवालासुद्धा तुम्ही कंपनीची सुट्टी लावलीत. सगळे खो खो हसले. मीही हसले, मूर्खासारखी. आयतवार म्हटला की पोरीला शाळा कुठली? ती पाट्यावर वाटण वाटणार. तुम्हाला मिक्सरचं वाटण चालत नव्हतं ना!

गणिताची चाचणी गुरुवारी असायची, बाबा. दर गुरुवारी. शुक्रवारी बाई विचारायच्या, "काल का नाही आलीस?" एकदा तोंडातून निघून गेलं, "काल आयतवार होता, बाई." वर्ग फुटला हसून. बाईंना वाटलं मी थट्टा करतेय, पट्टी घेऊन हात लाल केला माझा. मी थट्टा करत नव्हते. घरात जे म्हणायचे ते आलं तोंडात, बस.

मग बाईंनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही लिहिलंत, शाळेत बाईंना भेटणे. पेन्सिलने. पहिल्या गुरुवारी आत्या आली जेवायला. दुसऱ्या गुरुवारी तुम्ही तोंडावर पेपर घेऊन झोपलात. तिसऱ्या गुरुवारी मी तुमच्या समोर बसलेय, वरवंटा हातात, खोबरं अजून भरडच आहे. तुम्ही वही उघडता, पान उलटून मागे बघता, आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारता. रागाने नाही, काही नाही. "झाला," म्हणता आणि आईला विचारता, "गो, चुलीवर ठेवलंस काय?" बस. सातवीला मी नापास झाले, शाळा सुटली. पुढच्या शुक्रवारी तुमच्या वहीत सातही घरांमध्ये माझं नाव आलं. पाणी, दळण, भांडी. पेनाने.

आता बायकांसाठी बाहेरून दहावीचा वर्ग निघालाय आमच्या बाजूला. भरतो गुरुवारी दुपारी. नाव घालायचा आज शेवटचा दिवस, आणि आज तिसरी खेप आहे. सकाळपासून वही उघडी ठेवलेय. पहिल्या वेळी कांद्याची गाडी आली म्हणून राहिलं, दुसऱ्या वेळी गुडघा दुखला म्हणून. गुडघा तसा रोजच दुखतो. ह्या वयात गणित घेऊन काय दिवे लावणार आहे मी, म्हणून हात रेघ मारायलाच निघाला होता. हातात पट्टीसुद्धा घेतली होती, सरळ रेघ यावी म्हणून. काय शिस्त! मग तुमचं ते "झाला" कानात वाजलं आणि अशी काही तिडीक गेली डोक्यात! खोडरबर घेतला, पेन्सिलची ओळ पुसली आणि तिथेच पेनाने लिहिली. दाबून. मागच्या पानावर उमटलीय. आता ते न हलणारं काम झालं. तुमच्याच नियमाने, कळलं?

हे तुम्हाला कुठे पाठवणार? वहीच्या शेवटच्या पानांत राहील, पीठ लागून. चार वाजता निघायचंय. तेवढं एक सांगायचं राहिलं. पोरगी नेहमी विचारते, सगळं जग रविवारी सुट्टी घेतं, तुझंच दुकान गुरुवारी बंद का? गिऱ्हाइकांना मी सांगते, दत्ताचा वार. ती बिचारी हात जोडतात. आत कुकरमध्ये मटण शिजत असतं, आजही शिजतंय. माझाही आठवडा अजून शुक्रवारीच सुरू होतो, बाबा. पुष्कळदा बदलून बघितला, नाही जमलं. आता तर माझी शाळाच आयतवारी भरणार आहे.