माप पुकारणारा आणि लिहिणारा

धाकटोबास थोरल्याचे आशीर्वाद,

या सहलीचा खरा खर्च तिकिटाचा नाही, आपल्या शिलाईच्या दुकानाचं शटर आठवडाभर खाली आहे त्याचा. पण देश झकास आहे. बेटं पाहिली, बोटीत बसलो, तुझ्या वहिनीने दिसेल त्या पायरीवर फोटो काढून घेतला. मला विचारशील तर सगळ्यात आवडलं ते हॉटेलमागचं शिंप्याचं दुकान.

तिथे दोघे भाऊ आहेत. थोरला टेप लावून माप पुकारतो, धाकटा तेच मोठ्याने म्हणत लिहून घेतो. भाषा मला ओ की ठो कळत नाही, पण छाती, कंबर, खांदा हा क्रम कानाला बरोबर कळला. मध्येच धाकटा अडला, गिऱ्हाइकासमोरच काहीतरी करवादला. थोरल्याने निमूटपणे पुन्हा टेप लावली.

वहिनी म्हणाली, "एवढं काय बघताय? दुकान घरी ठेवून आलात ना?"

म्हटलं, "अर्धंच होतं ठेवायला."

तू कारखान्यात नोकरी धरलीस तेव्हा मी म्हणालो होतो, माझं एकट्याचं भागेल. भागतंयही. तेव्हापासून माझ्या हातून एक कपडा बिघडलेला नाही.

हे पत्र काही टाकत नाही. तू नुसतं 'बरं' लिहून मोकळा होशील. परतलो की तुझ्या जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी उभा राहीन. बाहेर ये. दुकानातल्या तुझ्या टेबलावर मी अजून कुणाला बसू दिलेलं नाही.

तुझा,
दादा

ता. क. या सहलीसाठी नवा कोट शिवला. स्वतःचं माप मीच घेतलं, मीच लिहिलं. डावी बाही चांगली दोन बोटं आखूड आहे.