पुंज म्हणजे केवढा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७.४०
काल इथल्या, दिल्लीच्या मराठी मंडळाच्या कुमुदताईंचा फोन. रविवारी १६ तारखेला तासाभराचं व्याख्यान, विषय अभिजात, आणि ते तुमच्याच घरातून व्हावं अशी सगळ्यांची इच्छा. मी लगेच हो म्हटलं. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून ऑफिसात या विषयावर माझ्याइतकं कोणी बोललेलं नाही. (ऑफिसात दुसरं मराठी कोणी नाही.) तयारीची गरज नाही. घरी सांगायचं नाही. सरप्राइज.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
कुमुदताईंचा मेसेज. विषय नक्की झाला, ‘अभिजात भौतिकी आणि पुंजभौतिकी: फरक काय?’ पत्रिका छापायला गेली.
तीनदा वाचला. भाषेचा कुठे उल्लेखच नाही.
नाही म्हणावं तर कारण द्यावं लागेल, आणि ते कादंबरीच्या कानावर जाईल. ही आमची मुलगी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, फिजिक्स. ते तिने घेतलं माझ्यामुळे. बाबा कॉलेजात फिजिक्सला पहिले होते, हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. (हजेरीत होतो पहिला. मार्कांचा विषय कधी निघाला नाही.) तिला कळलं तर तिच्याकडे मान वर करून बघायची सोय राहणार नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर
गुरुनानक जयंती, सुट्टी. संकल्प: पाचला उठून अभ्यास. उठलो नऊला. या धुरकट हवेत सकाळी डोकं चालत नाही, सगळी दिल्ली तेच म्हणते.
दुपारी मात्र सपाटा लावला. पुंज म्हणजे ढीग, समूह. उदाहरणार्थ तारकापुंज. अर्थात अभिजात भौतिकी आपल्यासारख्या लहान वस्तूंची आणि पुंजभौतिकी अवाढव्य वस्तूंची. चार पानं लिहून झाली. उगाच घाबरलो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
शेजारच्या टेबलावरच्या अशोकजींना लंचमध्ये चार पानांचा सारांश हिंदीत ऐकवला. ते पाटण्याचे, मुलाला कोचिंगला सोडता सोडता सगळं शिकलेत. म्हणाले, यार, बिल्कुल उल्टा है, क्वांटम तो सबसे छोटी चीज़ का मामला है.
फोनवर पाहिलं. उलटंच आहे. पुंज म्हणजे क्वांटम, ऊर्जेचं लहानात लहान पुडकं. एवढ्याशा गोष्टीला पुंज म्हणणाऱ्या माणसाला कोणीतरी माझ्यासमोर आणा. पानं फाडली. डबा तसाच परत.

रविवार, ९ नोव्हेंबर
कादंबरीला सहज विचारल्यासारखं विचारलं, की सांग बघू, अभिजात आणि पुंज यांत फरक काय. पोरगी पांढरीफटक पडली. मग भराभर बोलत सुटली. अभिजातमध्ये ऊर्जा चढणीसारखी, कुठेही उभे राहा. पुंजमध्ये जिन्यासारखी: दुसऱ्या पायरीवर किंवा तिसऱ्या, अडीचाव्या पायरीवर कोणी नाही. चेंडूची जागा आणि वेग कळला की पुढचं सगळं ठरलेलं. इलेक्ट्रॉनच्या या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नेमक्या नसतातच, मोजेपर्यंत नुसत्या संभावना. मराठी शब्द अडला की हिंदी.
निष्कर्ष: पाया कच्चा आहे. व्याख्यान झालं की मीच शिकवायला बसणार. मुद्दे बाथरूममध्ये जाऊन लिहून काढले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
हे शास्त्र भयंकर आहे. फाइल कपाटात असते किंवा नसते. सापडली नाही तरी कुठेतरी असतेच, या विश्वासावर माझी सव्वीस वर्षांची नोकरी झाली. इलेक्ट्रॉन मात्र मोजेपर्यंत अमुक एका जागी नसतोच म्हणे. मग हा मजला तरी कशावर उभा आहे? कालपासून जिना उतरताना कठडा धरतो.
बीपी १५०/९५. कादंबरी दार लावून एकटीच पुटपुटत असते. परीक्षा असावी.

शनिवार, १५ नोव्हेंबर
आजारी पडायचं ठरवलं. थर्मामीटर ९८.४ च्या वर जाईना. तेवढ्यात बायको, अलका, म्हणाली, उद्या काहीही झालं तरी मंडळात यायचंच. बोलताना डोळे भरून आले होते तिचे. म्हणजे हिला माझ्या व्याख्यानाचं समजलंय. आता माघार नाही. छातीत धडधड. ही बहुधा आत्मविश्वासाची असावी.

रविवार, १६ नोव्हेंबर. सायं. ७.३०
हॉल कोपर्निकस मार्गाजवळ. बंद गळ्याचा कोट घालून वेळेआधी स्टेजवर जाऊन बसलो. कुमुदताई आल्या आणि हळूच म्हणाल्या, श्रीरंगराव, ती खुर्ची कादंबरीची आहे, तुमची पहिल्या रांगेत.
फलकावर तिचंच नाव. ‘तुमच्याच घरातून’ म्हणजे हे. पत्रिका दहा दिवस अलकाच्या पर्समध्ये. मायलेकींना मला सरप्राइज द्यायचं होतं; कुमुदताईंनी मला आधीच फोन केलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.
उतरताना पायऱ्या तीनच होत्या, पण संपेनात.
कादंबरी बोलायला उभी राहिली आणि सुरुवातीलाच अडखळली. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि ती सावरली. पुढचा तासभर ती प्रत्येक मुद्द्यानंतर माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचो. टाळ्याच टाळ्या.
घरी येताना तिने मेट्रोत विचारलं, बाबा, कुठे चुकलं का? काहीच चुकलं नाही म्हणालो असतो तर मी ऐकलंच नाही असं तिला वाटलं असतं. एके ठिकाणी, असं म्हणालो. कुठे ते तूच शोध.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
दोन दिवस ती वही घेऊन बसली आहे. कॉलेजला गेली नाही. सकाळी दारात उभी राहून म्हणाली, निदान हिंट तरी द्या. मीटिंग आहे सांगून पळालो. आज संध्याकाळी खरं काय ते सांगून टाकायचं. नक्की.
संध्याकाळी पार्कात नऊ फेऱ्या मारल्या. मास्क न लावता. घरी गेलो तेव्हा ती झोपली होती.

गुरुवार, २० नोव्हेंबर
तिने सगळं व्याख्यान तिच्या सरांना दाखवलं. सर म्हणाले, एकही चूक नाही. हे तिने मला सांगितलं नाही, आईला सांगितलं. मी तिथेच बसलो होतो.
मग जेवायला बसलो. मीठ माझ्या ताटाशी होतं. तिने ते आईकडे मागितलं.