नवशिक्यांसाठीची लढाईची पेटी

आबा, घरात लढाईचा एक खेळ आला आहे, आणि तो ठेवायचा की परत पाठवायचा हे मला ठरवायचं आहे. तुम्ही फौजेत होतात म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही गेल्यावर सांगण्यासारखं कितीतरी घडलं, पण कधी लिहायला बसले नाही. आज बसले, ते एवढ्याशा प्लास्टिकच्या सैनिकांमुळे.

पेटी तुमच्या नातवानं पुण्याहून पाठवली. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. तुमच्या जावयांना मागच्या उन्हाळ्यात लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. बोलणं थोडं परत आलं, हात आला नाही. जन्मभर वाशीम-शिरपूर बस चालवलेला माणूस आता पलंगावर बसून पंख्याकडे पाहत असतो. मी भरवते, दाढी करते, रात्री कूस बदलून देते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, डाव्या हाताला बारीक काम द्या, गहू निवडायला द्या. मी ताटात गहू दिले, तर त्यांनी ताट दूर सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. हे मी मुलाला फोनवर सांगितलं आणि थोड्या दिवसांनी पेटी दारात आली. मागून त्याचा फोन. "नवशिक्यासाठीची हाय आई. बाबाले जमलं तर पुढची मोठी घेऊ. नसन जमत तर सांग, परत घेतात ते."

म्हणून मी ती नीट पाहिली, पोळ्याच्या बाजारात बैल पाहावा तशी. दोन फौजा आहेत, एक राखाडी, एक विटकरी. सैनिक सुटे नाहीत. हात, पाय, डोकी प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेली असतात, ती कापून एकात एक दाबून बसवायची. डिंक लागत नाही हे चांगलं. पण कापायला पेटीत काही दिलेलं नाही. मी नखं काढायच्या कटरनं कापली, त्यात दोघांच्या तलवारी मोडल्या. रंगाच्या बाटल्या इवल्याशा, ब्रश एकच, आणि त्याचे केस पहिल्याच दिवशी फाकले. जोडणीची चित्रं इतकी बारीक की चष्मा लावूनही डोळे ताणावे लागतात. नियमांचं पुस्तक इंग्रजीत. मोबाईलवर एकेक पान मराठी करून वाचलं, ते मराठीही धड नव्हतं. तरी एक गोष्ट शहाणपणाची वाटली. सगळे नियम एकदम अंगावर टाकलेले नाहीत. पहिल्या धड्यात थोडेच सैनिक घेऊन नुसतं चालायचं, दुसऱ्यात वार करायचा, असं पायरीपायरीनं नेतात.

ते सैनिक रंगवताना मला अनसिंगचं आपलं अंगण आठवत होतं. तुम्ही सुट्टीवर आला आहात. आई तापानं पडली आहे, म्हणून तुम्हीच चुलीपुढे बसून पोळ्या लाटताय. मी आणि भाऊ तुराट्यांच्या बंदुका करून लढतोय. मी त्याला मारते, तो पडतो आणि लगेच उठून पुन्हा धावतो. तुम्ही पिठाच्या हातांनी बाहेर येता, दोघांच्या तुराट्या घेता, गुडघ्यावर मोडता. "मेलेला मानूस उठत नसते," तुम्ही म्हणता, "ध्यानात ठेवा." आवाज चढवलेला नाही. तुराट्या चुलीत जातात आणि त्यांच्यावरच आमच्या पोळ्या भाजल्या जातात. दुसऱ्या दिवशी तुम्ही वाशीमला जाऊन मला रंगपेटी आणलीत. फौजेत कुणासोबत काय घडलं होतं, हे ना आम्ही विचारलं, ना तुम्ही सांगितलं. म्हणूनच ही पेटी उघडताना आधी भीती वाटली, की तुम्हाला हे आवडलं नसतं.

आम्ही पहिला डाव मांडला तेव्हा दुपार होती. पलंगावर पाट ठेवला, त्यावर पेटीतला घडीचा नकाशा अंथरला. तुमच्या जावयांनी विटकरी फौज घेतली, म्हणजे मीच त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी पाहिलंही नाही. मी माझा सैनिक पट्टीनं मोजून पुढे नेला, फासा टाकला, त्यांच्या सैनिकावर वार बसला. आता नियम असा, की ज्याच्यावर वार होतो त्यालाही फासा टाकायचा असतो. दान चांगलं पडलं तर तो वाचतो. मी सवयीनं त्यांचाही फासा उचलायला गेले. सगळं मीच करते ना त्यांचं. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला.

"मी टाकतो," ते म्हणाले.

शब्द तुटक आले, जिभेला अडखळत, पण वाक्य पुरं होतं. फासा बोटांतून निसटला, चादरीत गेला, त्यांनी शोधून काढला आणि पुन्हा टाकला. सैनिक मेला. मी तो उचलणार तोच त्यांनी स्वतः उचलला, नकाशाबाहेर आडवा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, आता तुझी पाळी असं. मला रडू आलं नाही, आबा. एवढी थकले आहे की रडायलाही उठून बसावं लागेल असं वाटतं. मी नुसतं पुढचं दान टाकलं.

तेव्हापासून रोज एक डाव होतो. ते बहुतेक हरतात, चिडतात, आणि चिडले की चार शब्द जास्त बोलतात. व्यायामाच्या बाईंना डावा हात आधीपेक्षा बरा वाटला. आज मुलाला कळवलं की ठेवून घेतो. तलवारी नाजूक आहेत, रंग कमी आहेत, पण हातासाठी चांगलं आहे.

ते खरंच आहे. एकच गोष्ट त्याला सांगितली नाही, ती या कागदावर लिहिते, जो कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही. दुपारी ते झोपले की मी स्वयंपाकघरात ओट्यावर दोन्ही फौजा मांडते आणि दोन्हीकडून एकटीच खेळते. दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो. काल खेळताना त्यांनी आतून हाक मारली. मी ऐकली, आणि डाव संपेपर्यंत गेले नाही.