वाळ्याच्या ताटीले पानी

अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा नत्थुजी मुंबईच्या व्यापारात शिरला. तीन वर्षांनी तो अकोल्याला परतला आणि आंधळी आई त्याच्याच हातचं पाणी मागू लागली. आजवर तिची सेवा केलेल्या धाकट्या भावाचा, सूर्यभानचा जळफळाट झाला. नत्थुजी बाजारात जाताच त्यानं चिठ्ठी लिहिली :

"दादा, मी दर्यापूरले मामाकडं चाललो. मायच्या दारातल्या वाळ्याच्या ताटीवर घंट्या-घंट्यानं पानी मारजो, नाही तं खोली भट्टीवानी तापते. उकिरड्यात कचरा टाकला का वरून माती लोटजो. ताजं शेन वांग्याले घालू नको, झाडं जळतात. मुंबईत हे कोनी शिकवलं नसंन."

एक गोष्ट त्यानं मुद्दाम गाळली. दिवस मावळल्यावरही ओली ताटी दारात राहिली, की दमट हवेनं आईचा दमा उसळे. एकदा धाप लागू दे, मग कळेल दादाला!

तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि आत आई खोकली. त्याचा पाय पुढे पडेना. परत येऊन त्यानं खाली लिहिलं, "दिवस बुडाच्या आंदी ताटी काढजो, ओलीनं मायले दमा लागते. हे मी जानून लिहिलं नव्हतं. मले माफ कर."

चाहूल लागून आईनं विचारलं, "कोन हाय? नत्थू काय रे?"

सूर्यभाननं माठातून पेला भरला.

"हो, माय," तो दबक्या आवाजात म्हणाला आणि तिला पाणी पाजून निघाला.