पडद्यावरची अक्षरं आणि सुमित्राचे कान

गोरेगाव (जि. गोंदिया)
ता. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. देवका हीस,
मनिरामदादाचे अ. उ. आ.

इकडे सर्व खुशाल. धान चुरून-मळून घरात आला, शेतात लाखोळीचे पीक फुलावर आहे.

परवा तू फोन केलास तेव्हा तुझा आवाज मला विहिरीत बादली बुडावी तसा ऐकू आला. मी छान छान, असेच चालू द्या, असे म्हणून फोन तुझ्या सुमित्रावहिनीकडे दिला. मागून कळले की दुर्गाप्रसादजी न्हाणीत घसरून पडल्याचे तू सांगत होतीस. लाज वाटली. म्हणून हे पत्र. त्यांचा पाय कसा आहे ते लिही.

दुसरी गोष्ट अशी की हेमेंद्रने खताच्या दुकानासाठी इंटरनेट घेतले, त्यासोबत टीव्हीवर सिनेमे दाखवणारे एक ॲप महिनाभर फुकट आले. पुढे ते ठेवायचे की बंद करायचे, आपल्या घराला ते मानवते की नाही, हे मी ठरवायचे असे त्याने आणि सूनबाई नीतूने मिळून फर्मावले. मी विचारले, मीच काऊन? तर म्हणतो, बाबा, तुम्ही घरचे मोठे. पोरगा माझा आहे, त्याचा डाव मला समजतो. छपरीतल्या खाटेवरून उठवून मला आत बसवायचे आहे. पण टीव्हीपुढे बसून मी करू काय? पडद्यावरची माणसे तोंड हलवतात, घरचे हसतात, आणि ते हसले की मागून मी हसतो. त्यापेक्षा खाट बरी.

तुमच्याकडेही तिरोड्याला असे काही घेतले होते ना? खरा अनुभव लिही. मी चुकलो तरी बहिणीची माया आटू देऊ नको.

तुझा,
मनिरामदादा


तिरोडा
ता. १७ जानेवारी २०२५

ती. दादांस,
देवकाचा शि. सा. न. वि. वि.

ह्यांचा पाय आता ठीक आहे. पण तुमचं ते ‘असेच चालू द्या’ हे काही विसरत नाहीत. येता-जाता म्हणतात, तुझ्या दादांचा आशीर्वाद मिळाला आहे, आणखी एकदा पडून पाहतो.

आता आमचा अनुभव. ते ॲप घेतलं तेव्हा मला वाटलं, संध्याकाळी सगळे एका जागी बसतील. झालं उलटंच. मुलगा मोबाईल घेऊन खोलीत, सून मोबाईल तिखटाच्या डब्याला टेकवून स्वयंपाकघरात, हे कापडाच्या दुकानात. एका घरात तीन सिनेमे, आणि मोठ्या टीव्हीपुढे मी एकटी. काय पाहावं हे शोधता शोधताच मला झोप लागायची. त्यात ह्यांनी कुठल्या तरी देशाचा स्वयंपाक पाहिला आणि भरल्या वांग्यात चीज घालायला सांगितलं. मी दुसऱ्याच दिवशी बंद करायला लावलं.

पण तुमचं घर वेगळं आहे. नीतूला सांगा, सिनेमा चालू असताना खाली हिंदी अक्षरं येतात, ती लावून दे. पेपर तर तुम्ही जाहिरातींसकट वाचता. वहिनींना वाचता येत नाही, पण कान असे की शेजारच्या घरी दूध उतू गेलं तरी त्यांना कळतं. तुम्ही वाचा, त्या ऐकतील. दोघांचं मिळून एक धड माणूस होईल.

कानाच्या मशीनचं नाव मी काढत नाही. मागच्या वेळी काढलं तर तुम्ही भरल्या ताटावरून उठला होता.

रागावलात तरी पत्र टाका, राग आम्ही वाचून घेऊ.

तुमची,
देवका


गोरेगाव
ता. २८ जानेवारी २०२५

चि. सौ. देवका हीस,
अ. उ. आ.

तुझी युक्ती चालली आणि मग फसली. दोन्ही सविस्तर लिहितो.

नीतूने अक्षरे लावून दिली. पहिल्या दिवशी मी अर्धा सिनेमा उभ्यानेच पाहिला, बसायचे सुचले नाही. मग रोजचेच झाले. संध्याकाळी चहा झाला की सुमित्रा माझ्यासाठी जागा धरून बसायची. पडद्यावर कोणी चिठ्ठी उघडली की ती मला कोपराने ढोसायची, काय लिहिले म्हणून. कोणी दचकले की मी तिला विचारायचो, काय वाजले म्हणून. हेमेंद्र म्हणाला, तुम्ही दोघे सिनेमा पाहून राहिले की आकाशवाणी चालवून राहिले!

मग तो मेंढपाळाचा सिनेमा आला. परदेशचा, पण हिंदीत बोलणारा. म्हातारा बाप, एकुलती पोरगी, ती शहराकडे निघाली. बस सुटताना ती खिडकीतून बापाला काही बोलली. खाली अक्षरे आली की मी लवकर परत येईन. मला बरे वाटले, मी हसलो. बाजूला पाहतो तर सुमित्रा डोळ्याला पदर लावून बसलेली. काय झाले विचारले तर कानाशी येऊन ओरडली, की पोरगी म्हणाली आता मला बोलावू नका. मी म्हटले, तुला चुकीचे ऐकू आले, इथे लिहिले आहे. तिने टीव्ही बंद केला आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नीतूला पंच केले. तिने तेवढा भाग पुन्हा पाहिला आणि सांगितले की परदेशी बोलण्याची हिंदी अक्षरे एकाने केली, हिंदी आवाज दुसऱ्याने दिला, म्हणून दोन्ही वेगळे आहेत, तुम्ही दोघेही बरोबर. असे कुठे असते का? सून आहे, सासूची बाजू सांभाळणारच.

तेव्हापासून सुमित्रा चहा ठेवते आणि निघून जाते. मी पुन्हा छपरीत आहे. माझा निकाल झाला, ते ॲप आपल्या घराला मानवत नाही. तू माझ्याशी अबोला धरू नको म्हणजे झाले.

तुझा,
मनिरामदादा


गोरेगाव
ता. ३० जानेवारी २०२५

सौ. देवकाबाईस,
सुमित्राचा स. न. वि. वि.

मी सांगून राहिली आणि नीतू लिहून राहिली. तुमच्या दादाने तुम्हाले पत्र टाकले हे मले समजले. त्यायच्या बाजूचे तुम्ही वाचलेच असंल, आता माझ्या बाजूचे वाचा.

भांडण सिनेमाचे नव्हतेच, बाई. ते मले म्हणाले, तुले चुकीचे ऐकू आले. ज्या माणसाले ढग गरजले तरी पत्ता नाही, तो मले ऐकायले शिकवते! मी कायले गप बसू?

चार वर्षं झाली, या घरात मी एकटीच बोलून राहिली. काही सांगतले की ते मान हलवतात, हो हो म्हणतात. चिचगडच्या माझ्या भाचीचे लग्न ठरले, मी आठ दिवस सांगत होती. हो हो. लग्नाच्या दिवशी पातळ नेसून उभी राहिली तर विचारतात, कुठे चालली? ओरडून सांगतले तर म्हणतात, ओरडते कायले? मग मी सांगणेच सोडले.

सिनेमा बंद करायचा तर करा, मले त्याचे काही नाही. पण तेवढे दिवस ते संध्याकाळी माझ्या बाजूले येऊन बसत होते. मी काही विचारले तर उत्तर देत होते. ते मले बरे वाटत होते. हे त्यायले सांगू नका.

तुम्ही आम्हाले जीव लावता, तसाच लावत राहा.

तुमची,
सुमित्रावहिनी

ता. क. आत्याबाई, नीतूचा नमस्कार. सांगू नका हे शब्द आईंनी तीन वेळा लिहायला लावले. मी एकदाच लिहिले आहेत. बाकी तुम्ही समजदार आहात.


तिरोडा
ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

वहिनींचं पत्र आलं. त्यात काय आहे ते सांगणार नाही, तसा शब्द आहे. मी फक्त एक विचारते. या आठवड्यात वहिनींनी तुम्हाला काय काय सांगितलं, तेवढं मला लिहून पाठवा. एक ओळ भरली तरी मी हरले.

कानात मशीन दिसलं तर लोक काय म्हणतील, असं तुम्ही मागे म्हणाला होता. दादा, चष्मा तुम्ही नाकावर घालता, चारचौघांत. नाकाची लाज नाही, मग कानाचीच काऊन? आणि गोरेगावच्या बाजारात या वयात तुमच्याकडे निरखून पाहणारं आहे तरी कोण?

सोमवारी ह्यांचा पाय दाखवायला आम्ही गोंदियाला जातो आहोत. कानाचे डॉक्टर त्याच रस्त्यावर आहेत. हेमेंद्रला घेऊन या. त्या पोरीचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐका आणि वहिनींना खोटं पाडा. तेवढ्यासाठी तरी या.

आलात तर नमस्कार करीन, नाही आलात तर तिथूनच गोरेगावला भांडायला येईन.

तुमची,
देवका


गोरेगाव
ता. १९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. देवका हीस,
अ. उ. आ.

गोंदियाला तुझ्यासमोर मशीन बसवले, पुढचे तुला माहीत नाही म्हणून लिहितो. हेमेंद्र बाहेर सांगत फिरतो की बाबा समजले. खरे तुला सांगतो. मी तुझ्या पत्रातली एक ओळ भरायला बसलो होतो आणि पेन कोरडा राहिला. तरीही गोंदियाला निघालो तो सुमित्राला खोटे पाडायलाच.

पहिले दोन दिवस भांड्यांच्या आवाजाचाच त्रास झाला. तिसऱ्या दिवशी मी छपरीत होतो. आत सुमित्रा नीतूला म्हणाली की बुढा आता उठेल आणि चहा मागेल. मी बाहेरून म्हटले, बुढ्याला साखर कमी टाक. मग नीतू हसली. इतकी वर्षे ही बाई माझ्या पाठीमागे नाही, देवका, माझ्या तोंडावर मला काय काय म्हणत आली असेल!

मग सिनेमा लावायला गेलो तर टीव्ही म्हणतो की मुदत संपली. बंद करा असा निकाल मीच दिला होता. आता मलाच हेमेंद्रच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांसमोर, ते पुन्हा चालू कर म्हणून सांगावे लागले. त्याने कारण विचारले नाही, हे त्याचे उपकार. पावसाळ्यात धानाच्या रोवणीपर्यंत ठेवायचे ठरले आहे. रोवणीत कोणाला फुरसत?

काल संध्याकाळी मी सुमित्राला हाक मारून बसवले आणि नीतूला अक्षरे काढून टाकायला सांगितली. तोच मेंढपाळाचा सिनेमा लावला, बस आली. पोरगी खिडकीतून वाकली आणि स्वच्छ म्हणाली की आता मला बोलावू नका. मी पुन्हा लावायला सांगितले. पुन्हा तेच.

मी सुमित्राकडे वळून म्हटले, तुला बरोबर ऐकू आले होते. मला वाटले, आता ती मला सोडत नाही. ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितले. तर म्हणते, हळू सांगा जी, बहिरे तुम्ही झाले होते, मी नाही; चार वर्षांपासून तुम्ही माझ्याशी ओरडूनच बोलून राहिले.

ते मला ठाऊक नव्हते, देवका. मी तिच्याजवळ सरकलो आणि हळू सांगितले.

तू भांडलीस म्हणून हे झाले. अशीच भांडत राहा.

तुझा,
मनिरामदादा