पडद्यावर पुसलेलं अक्षर

सर, आज ऑफिसात तासभर एका बटणावरून वाद झाला आणि मला तुमचाच राग आला. नव्या सर्व्हरवर कंट्रोल-यू दाबलं की टाइप केलेली अख्खी ओळ पुसली जावी, की कर्सरच्या डावीकडचीच, आणि सगळ्यांसाठी आधीपासून काय ठरवून ठेवायचं, एवढाच प्रश्न. मी म्हटलं, अख्खी जावी. अर्धी उरलेली कमांड चुकून चालली तर निस्तरायचं कोणी? आमचा सगळ्यात तरुण इंजिनिअर हसला. "मॅडम, उरलेलं समोर दिसतंच की." समोर दिसतं त्यावर माझा विश्वास नाही, हे त्याला कसं सांगू? तो तुम्ही घालवलात.

अजून डोळ्यांसमोर येतं: छावणी भागातल्या तुमच्या कॉम्प्युटर क्लासात मी भिंतीकडच्या टर्मिनलवर बसलेय. अक्षर चुकलं की बॅकस्पेस मारते, कर्सर मागे येतो, त्या जागी बरोबर अक्षर टाइप करते. पडद्यावर सगळं जिथल्या तिथं, तरी मशीन म्हणतं, अशी कमांडच नाही. दुपारभर हेच. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम मला बिघडलेलं टर्मिनल दिलंय. आमच्या वस्तीतली पोरगी कंटाळून आपणहून जावी म्हणून. मी तसं तोंडावर म्हणाले. तुम्ही चिडला नाहीत. "सगळ्यांचं सारखंच हाय. तू पडद्यावरचं पुसतीस, मशीनच्या पोटातलं नाय," म्हणालात, आणि दाखवलंत: अक्षर पुसायला #, अख्खी ओळ टाकून द्यायला @. आज तसं असतं तर ई-मेलचा पत्ता टाइप करता करताच माणूस वेडा झाला असता.

पण तुमच्या स्वतःच्या टर्मिनलवर बॅकस्पेस नीट चालायचं. मी मागं उभी राहून पाहिलं होतं. विचारलं, तर म्हणालात, "माझं मी बदलून घेतलंय. तुम्हाला कंपनीत मशीन जसं आलंय तसंच मिळंल. तिथं कोण बदलून देणार हाय?" ऐकायला रास्त. तरी मला वाटत राहिलं की एका ओळीच्या कमांडनं होणारी दुरुस्ती तुम्ही लपवलीत, आम्हाला तुमची गरज उरावी म्हणून. वाळूजला पहिल्या नोकरीत तेच # समोर आलं. बाकीचे अडले, मी नाही. आभार मानायला यायचं होतं, पण आधी खरं काय ते वदवून घ्यायचं होतं. या ताठ्यात वर्षं गेली आणि एक दिवस तुम्ही गेल्याचंच कळलं.

आज ऑफिसात शेवटी अख्खी ओळ जाईल असं ठरलं. माझंच खरं झालं, तरी घरी येऊन मी धुसफुसतेय. हे कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून कबूल करते, सर: माझा संशय फिटावा असं मला वाटत नाही. तो फिटला तर तुमच्याशी भांडायला काही उरणार नाही, मग तुम्ही नाहीत, एवढंच उरेल.