सातविणवाडी तलावावर एक संध्याकाळ गप्प बसण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
सातविणवाडी तलाव उद्यान व तंबू निवास,
मु. पो. सातविणवाडी, जि. सिंधुदुर्ग

अर्जदार : सत्यवान घाडी, मिक्सर व पाणीपंप दुरुस्ती, बाजारपेठ, कसाल

विषय : आमच्या कुटुंबावरील एक वर्षाची प्रवेशबंदी एका संध्याकाळपुरती उठविणेबाबत.
संदर्भ : आपली दि. १८ फेब्रुवारी २०२५ ची नोटीस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, आपली नोटीस मला मिळाली. तीत लिहिलेले सर्व खरे आहे. आमच्याकडून आवाज झाला, सूर्यास्तानंतर झाला आणि पाण्यावरचे एकूण एक पाखरू उडाले. तरीही बंदी उठवावी अशी विनंती आहे. तिची कारणे पुढे देत आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावे, कारण माझे उभे आयुष्य आपल्या एका सहीवर लटकले आहे.

१. दि. १५ फेब्रुवारी रोजी मी, माझे काका श्री. भिकाजी घाडी आणि काकू सौ. सत्यवती असे तिघे आपल्या उद्यानात तंबूत राहण्यास आलो. होडीत बसलो, काकूंनी आयुष्यात प्रथमच वल्हे हातात घेतले आणि होडी एकाच जागी गोल फिरविली. इतके हसलो की पोट दुखले. येथवर कोणताही नियम मोडलेला नाही.

२. दिवेलागणीला काकांनी तळ्याच्या राखणदार देवाला गाऱ्हाणे घातले, म्हणजे मोठ्याने साकडे घातले. परक्या जागी वस्तीला जायचे तर तिथल्या राखणदाराला सांगितल्याशिवाय पाठ टेकायची नाही, ही आमची रीत आपणांस ठाऊक असेलच. त्यातून आमच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देवळात गाऱ्हाणे घालण्याचा मान आहे. काकांचा आवाज देवळातून निघून पलीकडच्या वाडीत पोचावा, अशाच बेताने कमावलेला आहे. तो कमी करण्याचे बटण त्यांना नाही. त्यांनी हात जोडून सुरुवात केली, “बा देवा राखणदारा म्हाराजा! आज जी काय ही तुझी लेकरां तुझ्या तळ्यार वस्तीक इली आसत, त्यांका सुखरूप ठेव रे म्हाराजा!” त्यावर मी आणि काकू रिवाजाप्रमाणे “होय म्हाराजा!” म्हणालो.

३. परंतु महोदय, “होय म्हाराजा” आम्ही दोघेच म्हणालो नाही. शेजारचे तंबू म्हणाले. पलीकडच्या काठावरचे तंबू म्हणाले. कोकणातल्या माणसाच्या कानावर गाऱ्हाणे पडले आणि तो गप्प राहिला, असे होत नाही. हातातला चहा सांडेल, पण होकार दिल्यावाचून राहणार नाही. दुसऱ्या ओळीपासून परप्रांतातून आलेली काही मंडळीही सामील झाली. त्यांना हा उद्यानाचा सांस्कृतिक कार्यक्रम वाटला, आणि उद्याचा खेळ किती वाजता, असे ते तिकिटाच्या खिडकीवर विचारून गेले.

४. आपले पहारेकरी श्री. क्लाइव्ह रोझारियो शिट्टी घेऊन आम्हांस थांबविण्यास धावत आले. ते पोचले तेव्हा काका म्हणत होते, “ह्या आमच्या सत्यवानाचां लगीन यंदा तरी जुळांदे रे म्हाराजा!” आणि श्री. रोझारियो यांनी तोंडातली शिट्टी काढून सर्वांत मोठ्याने “होय म्हाराजा!” केले. नंतर ते फार ओशाळले. “माका कळाकच नाय, तोंडातसून गेला,” असे म्हणाले. त्यांचे बालपण देवळाशेजारी गेले आहे. त्यांच्यावर कारवाई करू नये ही पोटविनंती.

५. आता तक्रारदाराविषयी. कु. तन्वी जोईल, राहणार देवगड, या तेथील एका आंबा प्रक्रिया कारखान्यात दर्जा तपासतात. दिवसभर यंत्रांची घरघर ऐकून कान किटतात म्हणून त्या शांततेसाठी मैत्रिणींसह आल्या होत्या. दुर्बिणीतून त्या एक पाणपक्षी पाहत होत्या. तो अर्थातच उडाला. त्या तंबूतून तरातरा आमच्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, “तुमचो देव बहिरो आसा काय?” काकांना आयुष्यात कोणी असे विचारलेले नाही. काकू पदरात तोंड लपवून हसू लागल्या. आणि मी, महोदय, तिथेच गारद झालो. सरकारी कागदावर हे लिहू नये हे मला कळते, पण दुसरा शब्द सापडत नाही.

६. तक्रारीसाठी त्यांनी माझे फक्त नाव विचारले. मी नाव, पत्ता, मोबाइल, रक्तगट, दुकान स्वतःचे असल्याचे आणि मला चहा करता येत असल्याचे सांगितले. तक्रार लिहायला माझेच पेन दिले. इतक्या आनंदाने स्वतःविरुद्ध तक्रार लिहून घेणारा इसम आपल्या उद्यानात पूर्वी आला नसावा.

७. नोटीस मिळाली का, हे विचारण्यास कु. जोईल यांचा फोन आला. मी ती त्यांना पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशी त्यांनी, दुकानात आवाज फार होतो का, म्हणून फोन केला. तिसऱ्या दिवशी मी केला. मग काका-काकू रीतसर देवगडला त्यांच्या घरी मागणी घालून आले. त्यांच्या आईवडिलांना स्थळ पसंत आहे. परंतु कु. जोईल यांनी एक अट घातली : “जंय माझो पक्षी उडयल्यात, थंयच एक सांज सगळ्यांनी गप बसान दाखवा. मगे काय तां सांगतंय.” जागा बदलून चालणार नाही. कुठलेही दुसरे तळे त्यांना मान्य नाही. आणि नेमके त्याच तळ्यावर आम्हांला वर्षभर बंदी आहे!

८. तक्रार मागे घेतल्यास बंदी उठते असे आपल्या खिडकीवर कळले. तसे मी त्यांना सुचवून पाहिले. त्या म्हणाल्या, आवाज झाला तो झाला, खरी तक्रार मागे का घ्यायची? माणूस असा असावा, असेच मला वाटले. त्यामुळे मी दोन्हीकडून अडकलो असून मजेत आहे.

९. आमची तयारी जोरात चालू आहे. दररोज दिवेलागणीपासून जेवणापर्यंत घरात मौनाची तालीम असते. काका बांगडे हवेत हे मासेवालीला हातवारे करून सांगू लागले, तर तिने त्यांना वारा घातला. परवा म्हशीने दावे तोडले, तेव्हा काका तिच्यामागे एक शब्द न बोलता शेजारच्या वाडीपर्यंत धावले. लोकांना वाटले, दोघांचे भांडण झाले आहे. काकूंच्या मते लग्न झाल्यापासून इतके सुखाचे दिवस त्यांनी पाहिले नव्हते. ही अट आपण नियमांतच कायमची घालावी, असा त्यांचा आग्रह आहे. तो मी फक्त कळवीत आहे.

१०. आम्ही हमी देतो की, गाऱ्हाणे मनातल्या मनात घातले जाईल. काकूंच्या बांगड्यांना रुमाल बांधला जाईल. जेवण घरून आणू, म्हणजे भांडी वाजणार नाहीत. प्रश्न नारळाचा आहे. तो फोडला तर आवाज होतो आणि घरून फोडून आणलेला राखणदाराला चालत नाही असे काकांनी पाटीवर लिहून कळविले. तरी नारळ अखंड ठेवू, श्री. रोझारियो यांनी तो दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर फोडून खोबरे खावे. होडीत काकूंना बसविणार नाही.

११. उद्यान पावसाळ्यासाठी मेअखेर बंद होते. मी अडतिसाव्या वर्षापर्यंत थांबलो, पण आता पुढच्या हंगामापर्यंत थांबण्याचे बळ नाही. दुकानात आलेल्या मिक्सरला मी पंपाची वायर जोडून बसतो. गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात जाऊ लागली आहेत.

१२. हा मुद्दा आज सकाळी घडल्याने शाई निराळी आहे. मुक्कामास येणाऱ्या प्रत्येकाचे अर्जदाराशी नाते लिहावे लागते, असे आपल्या खिडकीवर सांगितले. काका, काकू लिहिले. कु. जोईल यांच्यापुढे काय लिहू, म्हणून त्यांनाच फोन केला. “तक्रारदार” लिहू की “परिचित”? मागे कारखान्याची घरघर चालली होती. मग त्या म्हणाल्या, “होणारी बायको म्हणान लिवा. तक्रार मात्र मी मागे घेवचंय नाय.”

तसे मी लिहिले आहे. सध्या मला काहीही नीट दिसत नाही. अक्षर वाकडे आले असल्यास क्षमा असावी. काकांना ही बातमी अजून सांगितलेली नाही. ते समोर ओटीवर सकाळच्या जादा तालमीत तोंड मिटून शहाण्यासारखे बसले आहेत, आणि माझ्याकडे पाहून काय झाले असे खुणेने विचारीत आहेत. तरी परवानगी आजच्या आज द्यावी, कारण मला आता अजिबात गप्प बसवत नाही.

आपला नम्र, आणि सुखाने वेडापिसा झालेला,

(सही)
सत्यवान घाडी
कसाल, दि. २४ मार्च २०२५